लुगडी दोन्ही हिरवी

१

ठाकूरद्वारला नानांच्या स्टुडिओत मी फोटो रंगवायची. तेव्हा फोटो काळे-पांढरेच निघत. ज्याला रंगीत हवा असेल त्याचा फोटो छापून, वाळवून माझ्या टेबलावर येई. उत्तरेच्या खिडकीखाली माझं टेबल होतं. त्यावर तेलरंगाच्या छोट्या ट्यूबा, टर्पेंटाइनची बाटली आणि काड्यांना गुंडाळलेला कापूस. सकाळी दहा ते चार, उजेड असेपर्यंतच काम. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, त्यामुळे कॅमेरा त्यांचा आणि रंग माझा, अशी वाटणी झाली होती.

प्रत्येक फोटोच्या पाठीवर एक चिठ्ठी डकवलेली असे. नाव, फेट्याचा रंग, लुगड्याचा रंग, चोळी, चुडा. चिठ्ठीवाचून माझं चालतच नसे, कारण काळ्या-पांढऱ्यात लाल आणि हिरवं सारखंच राखाडी दिसतं. वर्षभरात मला चिठ्ठीवरून घर ओळखता यायला लागलं होतं. फणसवाडीकडची नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत. लालबाग-परळच्या कोकणातल्या घरांत मामानं दिलेलं पिवळं हळदीपुरतं, मग लुगडं, चुडा सगळं हिरवं. गुजराती नवरीचं पांढरं, त्याला लाल काठ. माझगावहून क्रिस्ती जोडपी येत, तिचा पायघोळ झगाही पांढरा. आणि आमच्या वरळीच्या चाळींतून जी येत, त्यांचंही पांढरं.

आमचं म्हणजे बौद्धांचं. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली आणि सत्तावन्नच्या मे महिन्यात माझं लग्न झालं. आमच्या चाळीतली पांढऱ्या साडीतली मी दुसरी नवरी. आत्या मला बघून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. तिच्या लेखी पांढरं एकाच कामाचं. आई तिला म्हणाली, "अगं, जुनं सगळं धुऊन टाकलं म्हणून पांढरं. कोणी गेलंय का?" तो फोटो नानांनी काढला आणि रंगवायला मीच बसले. दागिने रंगवले, ओठ रंगवले, साडीपाशी हात थांबला. पांढऱ्याला आमच्याकडे रंग नव्हता. कागद होता तसाच सोडायचा.

हे सांगते, कारण मी भित्री नव्हते. भूतखेत, उतारे, अंगात येणं, सगळं आम्ही सोडलं होतं, आणि मनापासून सोडलं होतं. माझा नवरा रामदास गिरणीत होता, पाळी सुटली की संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं वाटायला जायचा. घरी रोज राज्याच्या आणि मुंबईच्या गप्पा. असल्या गोष्टींना आमच्या खोलीत जागाच नव्हती.

अठ्ठावन्नच्या वैशाखात एक फोटो आला. नवरा खुर्चीत, नवरी त्याच्या डाव्या हाताला उभी. चिठ्ठीवर नानांचं अक्षर: ‘दत्ताराम, लालबाग. फेटा गुलाबी. चोळ्या लाल. लुगडी दोन्ही हिरवी.’

फोटोत बाई एकच होती.

मी चिठ्ठी नानांना दाखवली. ते म्हणाले, "गिऱ्हाइकानं सांगितलं तसं उतरवलं. लुगडं आणि शेला म्हणायचं असेल त्याला. तू हिरवं लाव."

मला ते पटलं. फक्त एक गोष्ट खुपली. नाना जोडी नेहमी पडद्याच्या मधोमध बसवत. इथे दोघं एका बाजूला सरकलेली होती आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस उभं राहील एवढी जागा रिकामी होती. मी त्यावर फार विचार केला नाही. फेटा गुलाबी केला, चेहरे केले, हात केले, बांगड्या केल्या, लुगडं हिरवं केलं आणि फोटो वाळायला ठेवला.

२

दत्ताराम दोन दिवसांनी दुपारी आला. पस्तिशीचा असेल. गिरणीत साच्यावर काम करणाऱ्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असतात, तसे त्याच्याही होते. सदऱ्याला समितीचा बिल्ला. बोलणं मऊ, नजर खाली. मी त्याला खुर्ची दिली आणि फोटो समोर ठेवला.

त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "बाई, एकच रंगवलंत."

"एकच आहे ना," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. तो रागावला नव्हता. एखाद्याला कमी ऐकू येतं हे आपल्याला मागाहून कळावं आणि आपण ओशाळावं, तसं त्याच्या चेहऱ्यावर आलं. त्यानं बोट फोटोच्या रिकाम्या बाजूवर ठेवलं. मागे आमच्या पडद्यावर खांब आणि बाग रंगवलेली होती, त्या खांबाच्या अलीकडे.

"हिचं राहिलं."

मी नानांकडे पाहिलं. नाना पुढे झाले. "दत्ताराम, तिथे पडदा आहे रे बाबा."

"हो," तो म्हणाला. वाद घालायचा त्याचा इरादाच नव्हता. "घाई नाही नाना. बाईंना सावकाश करू द्या. बारीक काम आहे, नजर बसायला वेळ लागतो." त्यानं हात जोडले आणि तो जिना उतरून गेला. खालच्या रस्त्यावरून सभेला निघालेली माणसं घोषणा देत चालली होती. त्यांच्यात तो मिसळून गेलेला मला खिडकीतून दिसला. इतरांसारखाच हात वर करून ओरडत होता.

नाना म्हणाले, "दुसरेपणाचा आहे. पहिली गेल्याला दोन-अडीच वर्षं झाली. डोक्यात बसलं असेल काहीतरी."

मी फोटो टेबलावर घेतला आणि भिंग लावलं. राखाडी पडदा. खांबाच्या अलीकडे काही उभ्या सावल्या. माझं कामच राखाडीतून आकार शोधायचं होतं, त्यामुळे नजर कशी फसते हे मला ठाऊक होतं. ढगात उंट दिसतो, भिंतीच्या ओलीत म्हातारा दिसतो. मी भिंग ठेवून दिलं.

आणि हात धुऊन आल्यावर पुन्हा उचललं. त्या सावल्या निऱ्यांसारख्या होत्या.

३

दुसऱ्या दिवशी नवरी आली. एकटी, ट्रामनं, विचारत विचारत. नाव बकुळा. एकोणीस वर्षांची, मालवणाकडच्या खेड्यातली, मुंबईत येऊन तीन आठवडे झालेले. अंगावर कोरं हिरवं लुगडं, कोपरापर्यंत चुडा. नाना जेवायला गेले होते. ती जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली.

"फोटो बघूचो होतो," ती म्हणाली.

मी तिला टेबलापाशी बसवलं आणि फोटो हातात दिला. तिनं तो खिडकीकडे धरला, जवळ नेला, लांब धरला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, ह्यातली मी खंयची?"

मी हसायचा प्रयत्न केला. "अगं, एकच तर बाई आहे. ही तू."

"नक्की?"

"नक्की."

तिनं माझ्या बोटाखालचा चेहरा परत पाहिला आणि मान हलवली. माझ्या समाधानासाठी हलवली असावी.

मग ती बोलली. पहिल्या बायकोचं नाव चंपा. छप्पन्नच्या जानेवारीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा दत्ताराम खाली रस्त्यात होता. त्याला हाक मारायला चंपा गॅलरीत आली आणि तिथेच पडली. कर्फ्यू लागलेला, सगळी दुकानं बंद. सवाष्ण बाई, तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, नवरीसारखी सजवून न्यायची, ते काहीच झालं नाही. इस्पितळातल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली तशीच नेली. दत्तारामनं आणि त्याच्या आईनं तेव्हापासून ते मनाला लावून घेतलं होतं.

"लग्नात हेंनी दोन लुगडी आणल्यानी. एकाच ताग्यातली," बकुळा म्हणाली. "एक माका. दुसरा घडी करून माझ्या बाजूक ठेवतत. जेवताना ठेवतत, निजताना ठेवतत. हय फोटो काढूक इलो तेव्हा पण आणलेला."

"तुला मारतात का गं? त्रास देतात?"

"नाय." ती मनापासून म्हणाली. "सासू बरी असा. हे पण बरे. फक्त घरात सगळी माका चंपा म्हणतत. काल नळार कोणी बकुळा म्हणून हाक मारल्यान. माका वाटला, ती दुसऱ्या कोणाक मारता."

खिडकीतून खालच्या ट्रामची घंटा ऐकू आली.

"बाई, माका हिरवा नको. हळदीक मामान दिलेला ता पिवळा होता. माका पिवळा लावा. मगे समजात तरी."

मी तिला म्हटलं, चंपाला पांढऱ्यात नेलं त्याचं एवढं मनावर घेऊ नये. माझं स्वतःचं लग्न पांढऱ्या साडीत झालंय. आमच्यात ते मंगलच. भिंतीवर माझा फोटो होता तो दाखवला. तिनं पाहिला. तिला तो आवडलेला दिसला.

"तुमका कोणी सांगल्यान पांढरा नेसूक?"

"कोणी नाही. मीच नेसले."

"हां," ती म्हणाली. "तिका कोणी विचारल्यानी नाय."

उठताना ती म्हणाली, गुरुवारी न्यायला येते. जिन्यात उतरताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी कान देऊन ऐकत राहिले. उतरणारे पाय एकाच माणसाचे होते, हे मी मोजून घेतलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

४

नाना आल्यावर मी त्यांना विचारलं, फोटो काढताना दत्तारामनं घडी केलेलं लुगडं आणलं होतं का.

"होतं की," नाना म्हणाले. "आपलं ते उंच स्टूल नाही का, ते त्यानं माझ्या डाव्या अंगाला मांडलं आणि त्यावर घडी ठेवली. मी म्हटलं, हे फोटोत येईल. तो म्हणाला, येऊ द्या. म्हणून तर जोडी सरकवावी लागली."

"नाना, फोटोत स्टूल नाहीये."

त्यांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला, भिंग घेतलं. बराच वेळ गेला. मग ते आत गेले आणि निगेटिव्हची काच घेऊन आले. खिडकीशी धरली. काचेत काळं पांढरं दिसतं, पांढरं काळं. दत्तारामचा चेहरा काळा, बकुळाचा चेहरा काळा. डाव्या बाजूला स्टूल नव्हतं.

"मी स्वतः कापड टाकलं कॅमेऱ्यावर," नाना म्हणाले. "कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत उलटं स्टूल बघितलंय मी. त्याचे पाय मोजून फ्रेममध्ये घेतलेत."

"मग पुढे काहीतरी आलं असेल. पडद्याची चुणी."

हे मी बोलले आणि आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पडद्याकडे पाहिलं. पडदा लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणून बसवलेला होता. दहा वर्षं तसाच होता. त्याला चुणी पडणं शक्यच नव्हतं. त्याच्यासमोर कोपऱ्यात स्टूल उभं होतं.

नाना खुर्चीत बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "सुंदरा, तो म्हणतो तसं करून टाक. रंगव आणि हे इथून जाऊ दे."

मी त्यांना म्हटलं की काचेत कधी डाग राहतो, रसायन सारखं फिरत नाही, तुम्हीच मला शिकवलंय. ते हो हो म्हणाले. पण ती काच त्यांनी इतर काचांच्या खोक्यात ठेवली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेरच्या गॅलरीत, उन्हात नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी मी रामदासला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "त्या जानेवारीत मीही होतो तिथं. पडलेल्यांतले किती जण कसे नेले, कोणाला काय नेसवलं, कोणी बघितलं? त्याच्या मनाला ते खातंय. फोटोत थोडा हिरवा रंग लावल्यानं त्याला बरं वाटणार असेल तर लाव. तुझं काय जातं?"

माझं काय जातं, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मला वाईट वाटत होतं ते चंपासाठी. पांढरं मी हौसेनं नेसले होते. तिच्याभोवती ते कोणीतरी गुंडाळलं होतं.

५

बुधवारी सकाळी मी कामाला बसले. आधी टर्पेंटाइननं बकुळाचं हिरवं पुसून काढलं आणि पिवळं लावलं. सुरेख बसलं. हळदीच्या दिवशीची मुलगी वाटायला लागली ती. मला हायसं वाटलं. दोघांचंही मन राखता येईल, असं मी ठरवलं होतं. तिला पिवळं, आणि त्या सावल्यांना हिरवं.

मग ब्रशच्या टोकावर हिरवा घेऊन मी डाव्या बाजूला गेले. निऱ्यांपासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, रंग पडद्यावर पसरेल, खांबावर जाईल आणि हा खुळेपणा आपोआप उघडा पडेल. तसं झालं नाही. ब्रशला वाट मिळत गेली. एक निरी संपली की दुसरी. ओचा. मग कासोट्याची ओढ, गुडघ्यापाशी ताणलेली. कमरेला खोचलेलं टोक. पदराचा काठ बकुळाच्या काठासारखाच, त्याच ताग्यातला. मी शोधत नव्हते. जे होतं त्यावरून ब्रश फिरवत होते. खांबाच्या अलीकडे बाई उभी होती. ती इतका वेळ मला दिसली कशी नाही, हे मला समजेना.

खांद्यापासून मी तिच्या हातावर आले. कोपर, मग मनगट. पुढे ब्रश नेला आणि हात आखडला. मनगटाच्या पुढे रंग आधीच दिला होता.

दत्तारामच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. त्याला कातडीचा रंग मी दिला होता, पहिल्याच दिवशी. बांगड्या मी हिरव्या केल्या होत्या. नखांवरचा उजेडही मी सोडला होता. नवरीचा हात नवऱ्याच्या खांद्यावर, इतकं साधं की मी मोजलंच नव्हतं. आता मोजलं. बकुळा दुसऱ्या बाजूला उभी होती. तिचे दोन्ही हात तिच्या पोटाशी एकमेकांत गुंफलेले होते, त्यांनाही रंग मीच दिला होता.

मी खुर्ची मागे सारली. ती पडली. नाना धावत आले आणि मी त्यांना तो हात दाखवला. त्यांनी पाहिलं आणि भिंतीला टेकले.

"चेहरा?" त्यांनी विचारलं.

मी भिंगातून वर पाहिलं. पदर डोक्यावरून घेतलेला होता, त्याची कड स्पष्ट होती. आत पडद्यावरचा खांब होता. रंगवलेला, भेगा पडलेला खांब. चेहरा नव्हता.

"तिथं काही लावू नकोस," नाना म्हणाले.

मी लावलं नाही. लावायला काही नव्हतंही.

६

गुरुवारी बकुळा आली नाही. शुक्रवारी नाही, दत्तारामही आला नाही. शनिवारी दुपारी मी फोटो पुठ्ठ्यात बांधून स्वतःच निघाले. नाना नको म्हणत होते, टपालानं पाठवू म्हणत होते. पण तीन दिवस माझ्या डोक्यात एकच होतं. त्या पोरीनं सांगितलं होतं गुरुवारी येते, आणि ती येणाऱ्यातली होती.

लालबागची ती चाळ रस्त्यालाच होती. तिसऱ्या मजल्यावर शेवटून दुसरी खोली. गॅलरीत पापड वाळत घातलेले, कोणाच्या तरी घरी मसाला कुटत होते, सगळा मजला तिखटानं खोकत होता. भर दुपार. ऊन इतकं की कठडा हाताला भाजत होता. हे मी पुन्हा पुन्हा आठवते, कारण अंधार असता तर मला स्वतःला काहीतरी समजावता आलं असतं.

दार उघडंच होतं. मी कडी वाजवली. ती बाहेर आली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळावर मोठं कुंकू. चेहरा बकुळाचा. मला इतकं बरं वाटलं की मी तिचा दंडच धरला.

"बकुळा, आली का नाहीस गं? मी वाट बघत होते."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं, पण आदरानं. "तुम्ही स्टुडिओतल्या बाई ना? या, बसा ना. हे पाळीवर गेलेत. सासूबाई देवळात गेल्यात."

बोलणं स्वच्छ इथलं होतं, लालबागचं. कोकणाचा एक हेल नव्हता त्यात. चार दिवसांत माणसाची बोली जाते का? मी मनाशी म्हटलं, जाते. शहरात आलेली पोर, लाजते, शिकते.

"बकुळा, मी पिवळं लावलंय. तू म्हणालीस तसं."

"बकुळा नाही इथे," ती म्हणाली. "द्या बघू."

तिनं पुठ्ठा सोडला, सुतळीची नीट गुंडाळी करून बाजूला ठेवली आणि फोटो दोन्ही हातांत धरला. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर मी. पिवळ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. डाव्या बाजूच्या हिरव्यावरून तिनं अंगठा फिरवला, निऱ्यांवरून, काठावरून. तिचे डोळे भरून आले.

"किती सुंदर नेसवलंत मला," ती म्हणाली. "कोणाला वेळच नव्हता तेव्हा."

मी काही बोलायचं म्हणून बोलले. "चेहरा राहिला. तो मला दिसला नाही."

"असू दे," ती म्हणाली. "तो मिळाला मला."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. एकच खोली. मोरी, चूल, फळीवर भांडी, दोरीवर दोन धोतरं, कोपऱ्यात गुंडाळलेल्या वळकट्या. मांजर लपायलाही जागा नव्हती. मी तरी ओरडले. "बकुळा."

आणि हाकेला ओ आली.

बारीक, घाबरलेली, मालवणी हेलाची. ती खोलीतून आली नाही. गॅलरीतूनही नाही. आम्हा दोघींच्या मधून आली, तिनं दोन्ही हातांत धरलेल्या त्या फोटोतून.

मी दाराची चौकट धरली. तिनं फोटो हलकेच उलटा करून पोटाशी धरला, रडणाऱ्या मुलाला धरतात तसा, आणि त्यावर हात फिरवला.

"आता नका हाक मारू बाई," ती मला समजावत म्हणाली. "तिला सवय होऊ द्या."

आणि तिनं दार लावून घेतलं.

मी त्या दारावर दोन्ही हातांनी बडवत राहिले. शेजारच्या बायका बाहेर आल्या. एक म्हणाली, "काय झालं हो? चंपाकडे काम होतं का?" तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. खालून मोर्चा चालला होता, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हजार गळे एकदम. त्या गलक्यात मी दाराला कान लावून बकुळाला हाका मारत होते. दर हाकेला ओ येत होती, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा लांबून.

सात हाका मारल्या. आठवी मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या हाकेला ओ आली नसती, तर ते मला सोसलं नसतं.